काळी खाच पाहिजे

माणूस वस्तू जपतो त्यामागे एक सरळ हिशेब असतो. जे महाग पडलं ते कपाटात, जे जागा खातं ते माळ्यावर. कपाटातलं तीन पिढ्या टिकतं. माळ्यावरचं दर दिवाळीच्या साफसफाईत थोडं थोडं भंगारात जातं. दागिन्यांच्या बाबतीत हा हिशेब बिनचूक आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र ज्या स्वस्त वस्तूवाचून महागडी वस्तू एक मिनिटही चालणार नाही, नेमकी तीच आपण किलोच्या भावाने विकून मोकळे झालेले असतो.

रोह्याला आमच्या मामांच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरमध्ये, मामीच्या पाटल्यांच्या शेजारी असं एक कार्ड आहे. मऊ फडक्यात गुंडाळलेलं, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड. पाटल्या निदान लग्नकार्याला बाहेर पडतात. कार्ड फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरतं बाहेर येतं आणि परत आत जातं, कारण ते ज्यात बसवायचं तो संगणक आता नाही. मामांच्या मते कार्ड 'एकदम चालू कंडिशन'मध्ये आहे. हे तपासून बघायची सोय पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत न उरल्यामुळे त्यांच्या या विधानाला आजवर कुणी आव्हान देऊ शकलेलं नाही.

कार्डाचं नाव जिस्ट. आज मोबाइलवर बोटाने मराठी लिहिणाऱ्याला, किंवा नुसतं बोलून लिहून घेणाऱ्याला, या कार्डाची थोरवी पटवणं अवघड आहे. डॉसच्या जमान्यात संगणकाला इंग्रजीच समजायचं. अक्षरं एकामागून एक, सरळ रांगेत, प्रत्येकाला सारखी जागा. मराठीचं तसं नाही. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर अक्षराच्या आधी उभी राहते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात कोण कुणाच्या पोटात शिरेल याचा नेम नाही. हे सगळं सांभाळायची त्या वेळच्या संगणकाची ऐपत नव्हती. म्हणून त्याच्या पोटात एक वेगळं कार्डच बसवायचं आणि मराठीचा संसार त्याच्यावर सोपवायचा, अशी ही युक्ती. कानपूरच्या आयआयटीत या कामाची सुरुवात झाली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि तिथे मोहन तांबे यांच्या चमूने जिस्ट वाढवलं. सी-डॅक म्हटलं की लोकांना १९९१ चा परम महासंगणक आठवतो. पण परम काही तालुक्याच्या कचेरीत आला नाही. जिस्ट आलं.

ते बसवलं की डीबेस, लोटस असले विलायती प्रोग्रॅम मराठीत चालायचे, आणि तेही त्या प्रोग्रॅमांना पत्ता लागू न देता. आपण कसले तरी आकडे हाताळतो आहोत अशी बिचाऱ्या प्रोग्रॅमची समजूत. पडद्यावर मात्र 'सर्वसाधारण सभेच्या नोटिशीनुसार कोरम पूर्ण झाल्याने' असं उमटत असायचं. मामांनी हे कार्ड घातलेला संगणक मुंबईहून जुना विकत आणला आणि रोह्यात मराठी टायपिंगची कामं घ्यायला सुरुवात केली. पतपेढ्यांचे अहवाल, उत्सव मंडळांच्या वर्गणीदारांच्या याद्या, आणि कामं कमी असतील तेव्हा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत.

कामापेक्षा त्याचा खरा उपयोग पाहुण्यांसाठी व्हायचा. जिस्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांना एकच संकेतमाला होती, तिचं नाव इस्की. मराठीतल्या 'क'चा जो क्रमांक तोच गुजरातीतल्या, बंगालीतल्या आणि तमिळमधल्या 'क'चा. त्यामुळे एक कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या लिपीत. घरी कुणी आलं की मामा त्याचं नाव टाइप करून तमिळमध्ये दाखवायचे. पाहुणा भारावून जायचा. तमिळ कुणालाच येत नसल्यामुळे प्रयोग कधी फसला नाही. तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, त्यामुळे अष्टमीच्या एका घागसाहेबांचं नाव तिथे 'काक' होऊन बसलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते नावाचा कागद छापून घेऊन गेले आणि फ्रेम करून लावला.

पुढे विंडोज आलं, मराठी सॉफ्टवेअरमध्ये आली, कार्डाची गरज संपली. मामांनी संगणक बंद केला, वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे कार्ड काढून कपाटात ठेवलं आणि कॅबिनेट माळ्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि रोह्यातल्या बाकी घरांबरोबर मामांचीही कौलं उडवून गेलं. वीज येईपर्यंत कुणी माळ्यावर डोकावलंच नाही. नंतर कॅबिनेट खाली उतरवून तिरकं केलं तेव्हा आधी पाणी आलं, मग पालीची शेपटी आली आणि मग बराच वेळ खळखळ आवाज करून एक स्क्रू आला. भंगारवाला दारात आलाच होता. पत्र्यांबरोबर तेही गेलं.

त्यानंतर वर्षभराने कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची टूम घराण्यात निघाली. जुना मजकूर कुठे आहे? फ्लॉपींवर. फ्लॉपींतलं दिसणार कशावर? जिस्टवर. जिस्ट कुठे आहे? कपाटात. इथपर्यंत सगळे खूश होते.

आता त्या खाचेविषयी. संगणकाच्या मदरबोर्डावर पाठीमागच्या बाजूला लांबट खाचा असतात. त्यांत कार्डं उभी खोचायची. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हाच्या खाचेत एका बाजूला ३१ आणि दुसऱ्या बाजूला ३१ अशा ६२ जोडण्या होत्या. १९८४ मध्ये तिला आणखी ३६ जोडण्यांचं शेपूट लागलं. पुढे तिला आयएसए म्हणू लागले. रंग काळा. दहाएक वर्षं जगातल्या साऱ्या कार्डांनी तिच्यात सुखाने मान खुपसली. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय नावाची आखूड, पांढरी, तिच्याहून कितीतरी वेगवान खाच आणली. काही वर्षं दोघी एकाच बोर्डावर नांदल्या. काळी आपली पागडीवरच्या भाडेकरूसारखी एका कडेला टिकून. मग इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'पीसी ९९' नावाचा फतवा काढला, की नव्या संगणकात ही काळी खाच नकोच. १९९९ च्या इंटेल ८१० या चिपसेटने तिचा आधारच काढून घेतला. आपल्याकडे गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले ते २००१ नंतर. म्हणजे ज्या काळात पेण-रोह्यात घराघरांत संगणक पोचला, नेमक्या त्याच काळात काळी खाच बाजारातून उठली होती. कोकणात सगळं उशिरा येतं म्हणतात. या बाबतीत ते जरा लवकर आलं असतं तर आमची सोय झाली असती.

मी पेणला राहतो, म्हणून पेणच्या बाजूचा शोध माझ्याकडे आला. बाजारपेठेतल्या एका दुकानावर 'सर्व प्रकारचे कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर चिप लेव्हल रिपेअरिंग' असा बोर्ड आहे. आत एक मुलगा बसला होता. काळी खाच गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी जन्मलेला असावा. मी कार्डाचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, आडवा केला, उभा केला आणि आदराने विचारलं, "काका, हे कसलं?"

"ह्याच्यासाठी आयएसए स्लॉटवाला बोर्ड पाहिजे."

"यूएसबीला नाही का लागणार?"

या मुलाचं चुकत नव्हतं. त्याच्या पिढीत प्रत्येक वस्तू शेवटी यूएसबीला लागते. त्याने मला जुना संगणक आणून द्यायला सांगितलं, एसएसडी टाकून 'पळवून देतो' म्हणाला. जुना संगणकच नाही, तोच शोधतोय, हे सांगितल्यावर त्याने नवा घ्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून मला सल्ले देणाऱ्यांचे प्रकार कळायला लागले. पहिला प्रकार 'माझ्याकडे होता'वाल्यांचा. अशा माणसाकडे आपल्याला हवी ती वस्तू गेल्या महिन्यापर्यंत असते. "अहो, आधी नाही का सांगायचं! परवाच दिला." परवा म्हणजे २०११, हे नंतर कळतं. दुसरा प्रकार 'सरकारी कचेरीत बघा'वाल्यांचा. सरकारी कचेरीत काहीही टाकता येत नाही हे खरं. निर्लेखनाला समिती लागते, समितीला सभा लागते. पण म्हणूनच तिथून काही बाहेरही काढता येत नाही. एका कचेरीच्या जिन्याखाली मी स्वतःच्या डोळ्यांनी तसला संगणक पाहिला. त्याच्यावर फायली होत्या, फायलींवर बॅनर होते आणि बॅनरवर एक मांजर होतं. शिपाई म्हणाला, "रजिस्टरला तो चालू आहे."

तिसरा प्रकार सर्वांत मोठा: 'लॅमिंग्टन रोड'. लॅमिंग्टन रोडला मिळत नाही अशी वस्तूच नाही, असं म्हणणारा माणूस तिथे शेवटचा गेलेला असतो तो टेपरेकॉर्डरचा पट्टा आणायला. त्या रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, हेही त्याला माहीत नसतं. मी गेलो. सीसीटीव्ही कॅमेरे, एलईडीच्या माळा, गेमिंगच्या खुर्च्या. दहा दुकानं फिरल्यावर एका वयस्कर दुकानदाराने कार्डाचा फोटो बघून चष्मा काढला आणि "अरेरे" म्हणाला. मला वाटलं ओळख पटली. त्याने सांगितलं ते असं: काळ्या खाचेचे बोर्ड अजून बनतात, नवे कोरे. कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांचे मेंदू तसल्याच कार्डांवर चालतात, कोट्यवधींचं यंत्र कुणी खाचेपायी बदलत नाही, म्हणून त्यांच्यापुरते काही कंपन्या ते काढतात. मागवून देईन. मग त्याने किंमत सांगितली. मी ती फोनवर मामांना सांगितली. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "नवा नकोच. त्या कार्डाला जुन्याची सवय आहे."

बोर्ड मिळाला म्हणजे भागलं, अशातलाही भाग नाही. तेव्हाच्या बोर्डाला वीजपुरवठा करणारी एसएमपीएसही तेव्हाचीच लागते. तिच्या दोन पिना असायच्या, पी-८ आणि पी-९, दिसायला जुळ्या. त्या खोचताना काळ्या वायरी एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत, हा मंत्र त्या काळचा प्रत्येक मेकॅनिक झोपेतही म्हणायचा. उलट खोचल्या की बोर्ड जायचा. कीबोर्डाची पिन जाडजूड, पाच काड्यांची. शिवाय जुन्या खाचेत उणे पाच व्होल्टची एक तार असायची. २००२ च्या सुमारास एसएमपीएसच्या मानकातूनच तिला निवृत्त केलं. काही जुन्या कार्डांना ती लागते, काहींना नाही. मामांच्या कार्डाला लागते की नाही हे ठरवायला कार्ड लावून बघायला हवं, आणि लावून बघायला बोर्ड हवा.

मग कुणीतरी हमरापूरकडच्या एका गणपतीच्या कारखान्यात जुना संगणक असल्याची बातमी आणली. पेणच्या परिसरात कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. श्रावण चालू होता, म्हणजे मालकाशी बोलायची सर्वांत वाईट वेळ. ओळीने मूर्ती मांडलेल्या, कुठे सोवळ्याला पिवळा चढतोय, कुठे डोळ्यांची आखणी चालली आहे, कॉम्प्रेसर धडधडतोय. संगणक होता. एका कोपऱ्यात आडवा घातलेला, आणि त्याच्यावर अडीच फुटी लालबागछाप मूर्ती बसलेली.

"जरा उघडून बघू का?" मी विचारलं.

"रंग ओला आहे," मालक म्हणाले.

"वाळल्यावर?"

"वाळला की गाडी भरते. मग दुसरा बसतो त्याच्यावर. उंची बरोबर येते हो त्याची. असं स्टूल मिळत नाही."

शेवटी त्यांना दया आली. दोन पोरांनी मूर्ती अलगद उचलून धरली, तिसऱ्याने झाकण सरकवलं आणि मी टॉर्च मारला. आतला बोर्ड पांढऱ्या भुकटीने इतका माखलेला होता की त्याचीही मूर्ती व्हायला आली होती. मी फुंकर मारली. भुकटीखाली काळी खाच होती! एक नाही, तीन. आणि कीबोर्डाच्या पिनेजवळ, जिथे घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी असते, तिथे मोरचुदासारखा हिरवानिळा थर फुललेला होता. त्या काळच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी छोटी बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. वापरात नसली की ती पाझरते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. कोकणची हवा तिला मदतच करते. बोटाने थर खरवडला तर त्याच्याबरोबर दोन चिपांचे पायही निघून आले. पोरं मूर्ती धरून उभीच होती. "बाप्पा जड आहे हो," त्यातला एक म्हणाला. झाकण लावलं. स्टूल पुन्हा सेवेत रुजू झालं.

नागोठण्याला भंगाराचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने मला यामागचं अर्थशास्त्र समजावलं. जुन्या वस्तू टिकत नाहीत त्या जुन्या असतात म्हणून नव्हे. जुने बोर्ड आणि कार्डं यांच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा जाड असायचा. पुढे पुढे तो पातळ होत गेला. त्यामुळे भंगारात जितका जुना माल तितका चढा भाव. "नवा बोर्ड असेल तर पडून राहतो. तुम्ही म्हणता तसला आला की संध्याकाळच्या आत उचलला जातो," तो म्हणाला. म्हणजे संगणकाच्या बाबतीत म्हातारपण हेच जिवावर बेततं. कार्डाचा फोटो बघून त्याने वजन विचारलं. मी ते मामांना सांगितलं नाही. मामा त्या सोनेरी पट्ट्या दर आठ-पंधरा दिवसांनी शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने घासतात, मग फुंकर मारतात, मग चष्म्याच्या फडक्याने पुसतात. जंपर नावाच्या इवल्या काळ्या टोप्या असतात, त्या हरवू नयेत म्हणून वेगळ्या अमृतांजनच्या बाटलीत. त्यामुळे कार्डाला डोकं दुखल्यासारखा मंद वास येतो.

रोह्याच्या बाजूचा शोध मामांनी स्वतः चालवला होता, आणि एक दिवस त्यांचा फोन आला, "ये. मिळाली. चालू आहे. रिकामी आहे." मी दिव्याहून येणारी मेमू पेणला पकडली. कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला थांबते. या स्टेशनात मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. दोन वेगळी प्रशासनं, दोन वेगळे हिशेब. पण दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत झोपलेल्या माणसाला सांधा कुठे गेला ते कळतही नाही, कारण दोन रुळांमधलं अंतर दोघांनीही १६७६ मिलिमीटरच ठेवलं आहे. दर सात वर्षांनी ते सुधारावं असं सुचणारा हुशार माणूस सुदैवाने रेल्वेत भरती झाला नाही. तो संगणकाकडे गेला.

मामांनी खाच शोधली होती ती धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथे वायूंचं पृथक्करण करणारं एक जुनं, महागडं यंत्र आहे. त्याची आकडेवारी संगणकात उतरते ती आयएसए कार्डावाटे. संगणकाला विंडोज ९८. गरम होतो म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलेलं आणि समोर टेबलफॅन. वर पाटी: 'कोणीही बंद करू नये.' खाली लाल पेनाने: 'साफसफाईसाठी सुद्धा नाही.'

मामा आत वाकून बघत होते. दोन काळ्या खाचा. एकीत यंत्राचं कार्ड. दुसरी रिकामी, स्वच्छ, जणू आजच कारखान्यातून आलेली. त्यांनी पिशवीचं रबरबँड काढलं.

"अहो, अहो, काका!" तिथला इंजिनीअर मध्ये आला. "कृपा करून हात लावू नका. हा बंद केला आणि परत चालू नाही झाला तर माल अडकेल गेटवर."

"दोन मिनिटांचं काम आहे," मामा म्हणाले.

"काका, दसऱ्याला आम्ही याची पूजासुद्धा लांबून करतो. हळदकुंकू मॉनिटरला लावतो. कॅबिनेटला फूल वाहायलाही परवानगी नाही."

मामांनी निदान नुसतं मापाला लावून बघू, असा तोडगा काढला. इंजिनीअरने टेबलफॅन आपल्याकडे ओढून घेतला आणि खाच व मामा यांच्या मध्ये उभा राहिला. थोड्या वेळाने चहा आला. चहाबरोबर इंजिनीअर मऊ झाला आणि त्याने विचारलं ते असं, की आम्हाला असा बोर्ड कुठे मिळालाच तर त्यांच्यासाठीही एक बघू का. हा गेला तर दुसरा नाही, आणि त्याला रात्री झोप लागत नाही. त्या क्षणापर्यंत मामांचा समज होता की हे दुःख जगात त्यांचं एकट्याचं आहे. परतीच्या वाटेवर कुंडलिकेच्या पुलावर ते पुष्कळ खुशीत होते.

एवढ्यात पुण्याहून मामांचा नातू आला. त्याने यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आणली होती. त्याच्या मते असली खाच नव्या संगणकाला जोडायची युक्तीही परदेशात एका हौशी माणसाने काढली आहे. नव्या बोर्डावर सुरक्षेच्या चिपसाठी जी बारीक जोडणी असते तिच्यातून त्याने आयएसए बाहेर काढली, आणि आपल्या त्या उपकरणाचं नाव 'डिसअपॉइंटमेंट' ठेवलं, कारण त्या शब्दाच्या पोटात आय-एस-ए ही अक्षरं आहेत. मामांना नाव शुभ वाटलं नाही.

फ्लॉपींपैकी काहींवर बुरशीची नक्षी उमटली होती. बाकीच्या वाचता आल्या. नातवाने फाइली लॅपटॉपवर घेतल्या, चहा निवायच्या आत काहीतरी टाइप केलं, आणि सबंध कुलवृत्तांत मामांच्या मोबाइलवर आला. काना, मात्रा, वेलांटीसकट. यात जादू नव्हती. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीची जी मांडणी आहे ती १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. जुन्या संकेतातला 'क' उचलायचा आणि नव्यातल्या 'क'च्या जागी ठेवायचा, एवढंच काम. आजचा मोबाइल मराठी दाखवतो त्यात कपाटातल्या त्या कार्डाच्या घराण्याचा वाटा आहे, हे नातवाने फार आपुलकीने सांगितलं.

आम्ही सगळे मोबाइलभोवती जमलो. मजकूर वाचताना पुष्कळ गोष्टी कळल्या. अर्ध्याअधिक शाखांपुढे 'माहिती पाठवतो म्हणाले' अशी नोंद होती. एका काकांच्या नावापुढे 'देणगी बाकी' होतं. काका हयात नाहीत. चिरंजीव समोरच बसले होते. ते पाणी प्यायला आत गेले.

मामांनी चष्मा वर केला. "मजकूर मिळाला, चांगलं झालं," ते म्हणाले. "पण कार्ड चालतं की नाही, हे कुठे कळलं?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. नातू म्हणाला, आजोबा, आता कार्ड लागतच नाही. मामा म्हणाले, प्रश्न लागण्याचा नाही. मामी म्हणाली, लॉकरमध्ये जागा होईल. मामांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. शोध चालू राहिला. नव्या आवृत्तीसाठी आता त्याची गरज नव्हती, त्यामुळे तो अधिक मोकळ्या मनाने चालू राहिला.

दरम्यान आमच्या चौकश्यांनी बाजारावर परिणाम केला होता. पेणच्या दुकानातल्या मुलाने गावातल्या दुसऱ्याला विचारलं, त्याने वडखळच्या तिसऱ्याला, नागोठण्याच्या भंगारवाल्याने आपल्या सगळ्या पोरांना 'काळी खाच दिसली तर फोडू नका' म्हणून सांगून ठेवलं, धाटावच्या इंजिनीअरने त्याच्या ओळखीच्या माणगावच्या मेकॅनिकला गाठलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या या पट्ट्यात आयएसए बोर्डाला प्रचंड मागणी आली आहे, अशी हवा झाली. भाव वाढला. माल कुणाकडेच नव्हता, त्यामुळे तो आणखी वाढला.

परवा मी रोह्याला असताना मामांच्या फोनवर कोलाडहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. मामांनी स्पीकर लावला.

"साहेब, तुमच्याकडे जुन्या कॉम्प्युटरचं सामान असतं असं कळलं. काळ्या खाचेचा बोर्ड आहे का? एक मोठी पार्टी आहे. पैशाला मागेपुढे बघणार नाही. कधीपासून शोधतेय."

"कुठली पार्टी?"

"रोह्याचीच कुणीतरी. कार्डवाली."

मी मामांकडे बघितलं. मामा विचारात पडले होते.

"बोर्ड नाही," ते म्हणाले. "पण त्या पार्टीचा नंबर द्या. इतकी शोधतेय तर तिला मिळेलच. मग आपण तिच्याकडून घेऊ."

कोलाडच्या माणसाने नंबर सांगायला सुरुवात केली. मामा कागदावर उतरवून घेत होते. पाच आकडे झाल्यावर त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच मला म्हणाले, "ओळखीतलाच निघणार बघ कुणीतरी."